बांधावरचा लिंब कोणाच्या खात्यावर?

संशयी : सर, झाडांच्या कायद्याचं तुम्ही एवढं कौतुक करता, म्हणून सरळच विचारतो. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातल्या कुठल्याही बांधावर चला. लिंब असेल, बाभूळ असेल, एखादी चिंच असेल. लिंबाच्या सावलीत कापसाच्या दोन-तीन ओळी खुरटतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. हाच लिंब बीड शहरात कुणाच्या अंगणात असता, तर त्याला १९७५ चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांचा कायदा लागला असता. वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज, झाडावर चिकटवलेली नोटीस, लोकांच्या हरकती, तोडलंच तर बदल्यात नवी झाडं. शहराची हद्द संपली की १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा सुरू होतो. त्याची अनुसूची वाचा. साग, चंदन, खैर, मोह, हिरडा, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ अशा पंधरा-सोळा जाती. त्यात लिंब नाही, वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही, बाभूळ नाही. म्हणजे बीडहून गडावर येईपर्यंत तेच झाड साऱ्या गावाचा ठेवा असण्याचं थांबतं आणि माझ्या मर्जीचा विषय होतं. झाड जपणं हे तत्त्व असेल, तर या कोरड्या मुलखात लिंबाचं नाव पहिलं हवं होतं. मालकाचा हक्क हे तत्त्व असेल, तर मग चिंचेला परवानगी कशाला? यात नेमकं तत्त्व कोणतं, तेवढं सांगा.

आग्रही : अण्णा, अनुसूचीचं समर्थन मी करणार नाही, तिच्याकडं पुढं येऊ. पण कायदाच नसावा, असं त्यातून निघत नाही. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून भारतातल्या शेतांमधली मोठी झाडं एकेक करून मोजली. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१० च्या सुमाराला दिसणाऱ्या मोठ्या झाडांपैकी जवळजवळ ११ टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती आणि २०१८ ते २०२२ या चार वर्षांत ५० लाखांहून जास्त गेली. ज्या भागांत ही घट ठळक दिसली, त्यांत महाराष्ट्र आहे. ही जंगलातली झाडं नव्हेत. तुमच्या-माझ्या बांधांवरची, विहिरीच्या काठची, गोठ्यामागची. ती कुणी टोळी येऊन तोडली नाहीत. एकेका शेतकऱ्यानं, आपापल्या हिशेबानं, एकेक तोडलं. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता आणि सगळ्यांची बेरीज मात्र शिवार उघडं करणारी ठरली. एकेकट्याच्या शहाणपणातून सगळ्यांचं नुकसान होतं, तिथं नियम लागतो. विहिरीचं पाणी कुणी किती उपसावं, हा प्रश्नही असाच आला. महसूल संहितेचं कलम २५ सांगतं की भोगवटादाराच्या जमिनीतल्या झाडांवर हक्क भोगवटादाराचा. बरोबर आहे. पण त्या झाडाचं मूळ माती धरून ठेवतं, त्याचं पान खालच्या शेताला मिळतं, त्याच्या फांदीवरची घार शेजाऱ्याच्या शेतातला उंदीर उचलते. हक्क एकाचा असला, तरी फायदा एकाचा नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात, मथुरा-वृंदावनाकडच्या एका खासगी जागेत विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी प्रत्येकी १ लाख रुपये लावले. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठानं दया दाखवायला नकार दिला. जमीन खासगी होती, ही सबब चालली नाही.

संशयी : ते चारशे चोपन्न झाडांचं प्रकरण होतं. तिथं एका रात्रीत शिवार साफ झालं होतं. तो दाखला माझ्या एका लिंबाला लावू नका. न्यायालयाचा कोप मोठ्यावर झाला, याचा मला आनंदच आहे; पण कायदा खाली उतरतो तेव्हा तो मोठ्यापाशी थांबत नाही. १९६४ च्या कायद्यातला दंड १ हजार रुपयांपर्यंतचा होता. लाकडाच्या व्यापाऱ्यानं तो गाडीभाड्यासारखा खर्चात धरला. मग २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, दंड एकदम ५० हजार. त्यावर सगळ्यात मोठी ओरड कुठून झाली? कोकणातून. जिथं माणसानं पिढ्यान्‌पिढ्या झाडं लावली, सांभाळली, आणि गरजेला एक-दोन विकली, तिथून. ज्याच्या रानात एकही झाड नाही, त्याला पन्नास हजाराचं भय नाही. म्हणजे शिक्षेची टांगती तलवार कुणावर? ज्यानं झाड राखलं त्याच्यावर. शेवटी सरकारला पाऊल मागं घ्यावं लागलं. माझा मूळ आक्षेप हाच आहे. आपला कायदा कुऱ्हाडीकडं बघतो, पाण्याच्या घागरीकडं बघत नाही. वीस वर्षं झाड वाढवणाऱ्याची त्याच्याकडं नोंद नाही. एकविसाव्या वर्षी तोच माणूस अर्ज घेऊन दारात येतो, तेव्हा पहिल्यांदा त्याला तो दिसतो, आणि दिसतो तो संशयित म्हणून. आणि अनुसूचीतली नावं पुन्हा वाचा. बहुतेक बाजारात भाव असलेली झाडं. तिच्यावर इमारती लाकडाच्या हिशेबाचीच छाप जास्त आहे. सावलीचा, पाखरांचा, जमिनीच्या धुपेचा विचार त्यात नंतर आला, तोही भाषणांतून.

आग्रही : दंड पन्नासपट करणं हा आळशी उपाय होता, हे मान्य. पण तुमच्या युक्तिवादाची दुसरी बाजू बघा. अनुसूची अपुरी आहे म्हणून ती काढून टाकायची की पूर्ण करायची? गोव्यात १९८४ पासून झाडांच्या जतनाचा कायदा आहे. तिथं गाव-शहर असा भेद नाही, ठरावीक जातींची यादी नाही. खासगी जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं नारळाला झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढलं. वनस्पतिशास्त्रानं माड हा वृक्ष होत नाही, असं कारण दिलं. लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. २०१७ मध्ये माड पुन्हा व्याख्येत आला, वर राज्यवृक्ष झाला. मला यातून दिसतं ते असं, की सगळ्यांना सारखा लागू असलेला नियम लोक आपला मानतात आणि त्याच्यासाठी भांडतातही. आपल्याकडं चिंचेला नियम आणि लिंबाला मोकळीक, त्यामुळं नियमच कुणाला आपला वाटत नाही. शिवाय १९७५ च्या कायद्यात २०२१ साली चांगली दुरुस्ती झाली. ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसावृक्ष मानायचं आणि तोडायचीच वेळ आली, तर झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची. झाडाचं वय हे त्याचं मोल, हे कायद्यानं पहिल्यांदा कबूल केलं. हीच दृष्टी ग्रामीण कायद्यात आणा, एवढंच मी म्हणतो.

संशयी : साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं! कागदावर बेरीज चांगली दिसते. रोप जगवायचं कुणी? महाराष्ट्रानं २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत आधी २ कोटी, मग ४, मग १३ आणि शेवटी ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला. खड्ड्यांचे फोटो निघाले. त्यातली उन्हाळा बघितलेली किती, हे गावोगावच्या माणसाला विचारा. आणि बीड जिल्ह्याची अडचण आणखी वेगळी आहे. पावसाळ्यात रोप लावलं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. टोळ्या परत येतात तेव्हा एप्रिल लागलेला असतो आणि रोपाचं काड झालेलं असतं. ज्या शिवारात माणूसच सहा महिने राहू शकत नाही, तिथं साठ रोपांची अट घालणं म्हणजे न पाळता येणारा नियम करणं. असा नियम माणसाला खोटं बोलायला शिकवतो. तो लावल्याचा फोटो देतो, अधिकारी बघितल्याची सही करतो. गोव्यात पाऊस आहे सर. तिथला नियम इथं आणायचा, तर तिथलं पाणीही आणावं लागेल.

आग्रही : पाण्याचं कारण पूर्ण पटत नाही. बीडजवळच पालवणच्या उघड्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथं फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरवलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं. त्या देवराईला पुढं वणव्याची झळही लागली, तरी काम थांबलं नाही. माती तीच, पाऊस तोच. फरक राखण्याचा होता.

संशयी : मी तेच म्हणतोय. तिथं राखणारी माणसं होती आणि राखण्याचा खर्च कुणीतरी उचलला. कायद्यानं ती देवराई उभी केली नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड २०२० मध्ये महामार्गाच्या आखणीत जाणार होता. लोक उभे राहिले, वरपर्यंत पत्रं गेली, रस्ता वळवला गेला. तोही अनुसूचीमुळं वाचला नाही. उलट आपल्या जिल्ह्यातून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता रुंद झाला, तेव्हा कडेचे किती वड-लिंब गेले! ते सगळे रीतसर परवानगीनं गेले. परवानगीचा कायदा बलवानाला थांबवत नाही. त्याच्याकडं अर्ज करायला कारकून असतो.

पण आता मी मूळ दुखण्याकडं येतो. तुमचा सगळा कायदा सरकार आणि मालक या दोघांमधला आहे. खेड्यातलं भांडण मालक आणि शेजारी यांच्यात असतं. माझ्या बांधालगत शेजाऱ्यानं निलगिरी लावली, किंवा सुबाभळीची रांग लावली. सावली माझ्याकडं, मुळं माझ्याकडं, पाला माझ्या विहिरीत. किती अंतर सोडून झाड लावावं, याचा सरळ नियम आपल्याकडं सापडत नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत आहे : वेगळी स्थानिक रीत नसेल, तर दोन मीटरपेक्षा उंच जाणारं झाड हद्दीपासून दोन मीटर आत, लहान असेल तर अर्धा मीटर. आपण मात्र १८९४ मधल्या लेमन विरुद्ध वेब या इंग्लंडच्या खटल्याचं तत्त्व घेऊन बसलोय : हद्द ओलांडून आलेली फांदी आपल्या हद्दीपुरती छाटा. इंग्लंडात ते बागेतल्या फांदीसाठी ठरलं. बीडमध्ये फांदी छाटायला माणूस चढला की खाली दोन भावक्या काठ्या घेऊन उभ्या राहतात. त्यात सरकारच रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावायला सांगतं. बांध कुणाचा, हेच जिथं ठरलेलं नाही, तिथं झाड लावून सरकार मोकळं.

आग्रही : फ्रान्सचा नियम इथं लावला, तर पहिला बळी बांधावरच्या झाडांचाच जाईल. आपल्या शिवारात झाडं बांधावरच का उरली? तिथं नांगर जात नाही, ट्रॅक्टरचा फाळ लागत नाही, आणि मालकी थोडी धूसर असल्यामुळं तोडायला कुणी एकटा पुढं होत नाही. दोन मीटर आत या, असं म्हटलं की एकरा-दोन एकराचा शेतकरी म्हणेल, मग झाडच नको. तुम्हाला ज्या धूसरपणाचा त्रास होतो, त्यानंच लिंब वाचवला आहे.

कुंपणांचंही तसंच. पाणंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पूर्वी निवडुंग, शेर, घायपात, बोर, चिल्हार यांची दाट काटेरी रांग असायची. सरडे, मुंगूस, तितर, मधमाश्या सगळ्यांचं घर ते. आता शेतरस्ते मोकळे करायची मोहीम आली. रस्ता हवाच, ऊस बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर आत यायला हवा. पण जेसीबी एका सकाळी शंभर वर्षांची वाढ उपटतो आणि त्याची नोंद कुठंच होत नाही, कारण आपल्या कायद्याला कुंपण दिसतच नाही. इंग्लंडात १९९७ पासून ग्रामीण भागातली वीस मीटरपेक्षा लांब जिवंत कुंपणं काढायच्या आधी स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. तीस वर्षांहून जुनं आणि महत्त्वाच्या निकषांत बसणारं असेल, तर ते अडवू शकतात. त्याच देशानं २००३ मध्ये उलट बाजूचाही कायदा केला : दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणानं शेजाऱ्याचा उजेड अडत असेल, तर तक्रार करता येते. म्हणजे शेजाऱ्याचा त्रास आणि कुंपणाचं मोल, दोन्ही एकाच व्यवस्थेत मांडता येतात. आपण एकही मांडलेलं नाही.

संशयी : मांडता येतात, कारण तिथं तक्रार ऐकणारं कार्यालय आहे आणि त्याला वेळ आहे. आपल्याकडं वाट अडली तर तहसीलदाराकडं जाता येतं. झाड पडायला आलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं जाता येतं. पण झाड ठणठणीत आहे आणि माझं पीक खातंय, यासाठी दिवाणी दावा सोडून दार नाही. आणि दिवाणी दावा म्हणजे झाड म्हातारं होऊन मरेपर्यंतची तारीख.

मला अंतराचा नियम हवाच असं नाही. मला हवी ती भरपाईची भाषा. गंमत बघा. भूसंपादन आलं की सरकारला अचानक झाड दिसू लागतं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बघा. अशा कामासाठी जमीन जाते तेव्हा आंबा किती, चिंच किती, साग किती, त्यांची वयं काय, सगळं मोजून मोबदला ठरतो. म्हणजे झाडाची किंमत काढायची रीत सरकारला येते. फक्त ती झाड मरायच्या दिवशी काढली जाते. उभं असताना त्याची किंमत शून्य. हरियाणानं एक केलं : ७५ वर्षांहून जुनं झाड सांभाळणाऱ्याला दरवर्षी अडीच-तीन हजार रुपयांच्या घरात पेन्शन, प्राणवायू देवता या नावानं. रक्कम थोडी आहे. पण झाड राखणारा माणूस तिथं सरकारी वहीत लाभार्थी म्हणून आला, आरोपी म्हणून आला नाही. माझ्या दोन ओळी कापसाचं नुकसान साऱ्या शिवाराच्या सावलीसाठी होत असेल, तर शिवारानं त्यातला थोडा भार घ्यावा.

आग्रही : पैशाची वाट दिसते तेवढी सोपी नाही. पहिली अडचण मोजणीची. भूसंपादनाची चाहूल लागली की रानात रातोरात किती रोपं उभी राहतात, हे तुम्ही बघितलं असेल. झाडाला दरवर्षी पैसा मिळणार म्हटलं की कागदावर प्रत्येक बाभूळ ७५ वर्षांची होईल. दुसरी अडचण अधिक खोल आहे. एकदा उभ्या झाडाला दर ठरला की तोडण्यालाही दर ठरतो. ज्याला परवडतं तो म्हणेल, पेन्शन नको, तोडू द्या, वाटल्यास ती रक्कम मीच भरतो. बिल्डरला हे फार आवडेल. आणि तिसरी, तुमच्याच बांधाची : सामाईक बांधावरच्या लिंबाची पेन्शन कुणाच्या खात्यावर जाणार? आज ज्या झाडाकडं दोन्ही घरं दुर्लक्ष करतात, त्याच्यावर उद्या दोघंही हक्क सांगतील.

संशयी : सांगू द्या. हक्क सांगणारा पाणी तरी घालेल. पण मी आणखी एक धरून बसलोय. गरिबाच्या रानातलं झाड ही त्याची ठेव असते. मुलीचं लग्न, दवाखाना, बोअरवेल कोरडी गेल्यावरचं कर्ज, अशा वेळी चिंच विकली जाते, बाभळी विकल्या जातात. तुम्ही तोडण्यावर जितकी बंधनं घालाल, तितकी ती ठेव गोठते आणि गोठलेली ठेव कुणी नव्यानं ठेवत नाही. २०१४ च्या राष्ट्रीय कृषी-वनीकरण धोरणानं हेच ओळखलं होतं. जून २०२५ मध्ये केंद्रानं शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी राज्यांना आदर्श नियम पाठवले. नोंदणी करा, ऑनलाइन परवानगी घ्या, लाकूड विका, असा त्यांचा रोख. तोडायची खात्री असेल, तर माणूस लावतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण ऊसही माणूस तोडायसाठीच लावतो.

आग्रही : अण्णा, ऊस आणि वड यांच्यातला फरक तुम्हीच आता पुसून टाकताय. पिकासाठी लावलेला साग आणि आजोबांच्या आधीपासून उभा असलेला वड, या दोघांना एकच नियम लागू नये. आपल्या जुन्या कायद्याला हा फरक कळतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात लवकर तोडायच्या हेतूनं उभं असलेलं इमारती लाकूड स्थावर धरलं जात नाही. फळासाठी, सावलीसाठी राखलेलं झाड स्थावर. १९५८ मध्ये शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात यावरच ऊहापोह झाला. तोच धागा पकडू. तुम्ही लावलं, नोंदवलं, ते पीक; खुशाल तोडा, कुणी विचारणार नाही. तुमच्या आधीपासून आहे, ते वारशातलं. त्याला हात लावताना गावाला विचारा. वयाची एक रेघ आखा, पन्नास वर्षं म्हणा.

संशयी : म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी कुऱ्हाड पडेल. विचार करा ना. उद्या पन्नाशीनंतर माझा हक्क जाणार, असं मला आज कळलं, तर मी आजच तोडेन. रेघ कुठंही आखा, तिच्या अलीकडं गर्दी होणार. जुनं झाड वाचवायला केलेला नियम मध्यमवयीन झाडांना मारेल आणि पन्नास वर्षांनी वाचवायला जुनं झाडच उरणार नाही.

आग्रही : हा आक्षेप मला जड जातो. त्याचं उत्तर कायद्यात नाही, हे मान्य करतो. पण कायद्याबाहेर काही आहे. उंबर, वड, पिंपळ अनुसूचीत नाहीत, तरी आपल्या भागात त्यांच्यावर कुऱ्हाड घालायला माणूस कचरतो. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या या गडाचा शब्द पंचक्रोशीत चालतो. महाराष्ट्रात देवराया टिकल्या त्या दंडानं टिकल्या नाहीत, देवाच्या धाकानं आणि गावाच्या नजरेनं टिकल्या. अशा स्थानानं सांगितलं, ग्रामसभेनं ठराव केला, की शिवारातली ही-ही झाडं सगळ्यांची, तर वयाची रेघ लागत नाही. गाव झाडाला नावानं ओळखतं.

संशयी : श्रद्धा पिंपळाला वाचवते, बाभळीला नाही. आणि या कोरड्या रानाला बाभळीची गरज जास्त आहे. शेळी तिच्यावर जगते, औताचं लाकूड तिचं, सरपण तिचं. देवाच्या नावानं झाडं वाचतात तशी भक्तनिवासासाठी आणि वाहनतळासाठी जातातही, अनेक क्षेत्रांच्या ठिकाणी हे घडतं. ग्रामसभेचं म्हणाल, तर तिथं जमीनवाले बोलतात. ज्या बाईला सरपण लागतं, ती मागं बसते. माझं म्हणणं आता मी नेमकं करून सांगतो. शहरात झाडावर नोटीस लागते आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत घ्यायला काही लागत नाही. झाड सांभाळायला सगळं लागतं. हा असमतोल मला खुपतो. तोडू नका म्हणायचा हक्क ज्याला हवा, त्यानं राखण्यातला वाटा उचलावा. नुसत्या हरकतीवर झाड जगत नाही.

आग्रही : मग मीही नेमकं सांगतो. वाटा उचलला की निर्णयही वाटला जाणार. गावानं तुमच्या कापसाच्या दोन ओळींची भरपाई दिली, की लिंब तोडायचा की नाही, हे तुम्हाला एकट्याला ठरवता येणार नाही. आणि ज्यांच्याकडं वाटा द्यायला काहीच नाही, ती सरपणवाली बाई, अजून न जन्मलेली पोरं, त्यांचं म्हणणं कोण मांडणार? त्यांच्या वतीनं हरकत घेणारा कुणी लागेल, आणि त्याच्या खिशातून पैसा निघणार नाही. हरकतीला पैशाची अट घातली, तर बोलणारे पुन्हा पैसेवालेच उरतील. तरीही विचारतो, निम्मा निर्णय सोडायला तुम्ही तयार आहात?

संशयी : झाडातला निम्मा निर्णय सोडायला तयार आहे. बांधातला नाही. मराठवाड्यात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दुसऱ्याचं नाव एकदा लागलं की ते काढायला पिढी जाते. आज लिंबासाठी गाव माझ्या बांधावर आलं, उद्या मोजणी घेऊन येईल, परवा रस्ता मागेल. झाडाचा वाटा देताना जमिनीचा वाटा जाणार नाही, अशी हमी मला द्या. मग पुढचं बोलू.

आग्रही : कोकणात जमीन एकाची आणि आंबा-फणसाचं झाड दुसऱ्याचं, अशी वहिवाट जागोजागी आहे. जमीन आणि झाड वेगळं धरता येतं, हे तिथं सिद्ध झालेलं आहे.

संशयी : आणि त्यावरून किती घरं कोर्टात उभी आहेत, तेही तिथं सिद्ध झालेलं आहे. झाड वाचवायला मी दावा अंगावर घ्यायचा की दावा टाळायला झाड तोडायचं, हा माझा आजचा हिशेब आहे. तुमचा कायदा हा हिशेब बदलणार असेल, तर त्याच्या पहिल्या कलमात दंडाची रक्कम नको. त्या झाडाच्या पायी ज्याचं काही जातं, त्याला काय मिळणार आणि ते कोण देणार, एवढं लिहा.

आग्रही : ते लिहीन. पण दुसऱ्या कलमात, घेतल्यावर तुम्ही काय सोडणार, हेही लिहावं लागेल. तिथं तुमची सही लागेल, अण्णा, आणि ती तुम्ही कराल असं अजून तरी मला दिसत नाही.